पूर्णेच्या रेतीतली जीप

पेट्रोलचा वास आला की मला पूर्णा नदीचं उन्हाळ्यातलं कोरडं पात्र आठवतं. साठ सालच्या सुमारास अकोल्याच्या एका जिनिंगवाल्याच्या मुलाने लष्कराची जुनी जीप घेतली आणि आम्हा तिघा कॉलेजमित्रांना एका सकाळी रेतीवर फिरवायला नेलं. काळा गॉगल, गळ्यात रेशमी रुमाल. स्वारी जणू अरबस्तान जिंकायला निघालेली. रेतीच्या उंचवट्यांवरून जीप उडवता उडवता त्याने एका बाईची टरबुजांची वाडी तुडवली आणि लगेच पुढे जीप रुतवली. खालीसुद्धा न उतरता तो ओरडला, "ओ बाई, बैल आन वं, गाडी काढून दे!" बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माह्ये बैल तुह्या बापाचे नोकर नाहीत. पयले खाली उतर, हे वेल सरके कर, मंग पाहू." तो शूर नुसता हॉर्न वाजवत बसला. बाई पाठ फिरवून एकटीच वेल उचलून सरळ करू लागली. शेवटी आम्हीच तासभर जीप ढकलली आणि तो स्टिअरिंगवरून "जोर लावा" म्हणत राहिला. त्याच्या मूर्खपणाची गोष्ट मी आजवर चवीने सांगत आलो. पण तिच्या एकाही वेलीला माझा हात लागला नाही, हे आज पहिल्यांदाच सांगतो आहे.