अकरा नावांची वही

२००६ च्या फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार : वही घरातून गेली. एप्रिलचा पहिला आठवडा : पंधरा दिवसांच्या बोलीने नेलेली वही परत न आल्याबद्दल आमचे पहिले पत्र. जून : ‘आपले पत्र मिळाले’, एवढीच पोच. त्यानंतर आमची सहा पत्रे आणि त्यांचे मौन. २००७ चा एप्रिल : ‘अशा वस्तूची आमच्याकडे नोंद आढळत नाही.’ मे महिन्यातला शेवटचा गुरुवार : कार्ल गेले.

जबाबदार तिघे. वही घेऊन गेलेल्या संग्रहालयाच्या अधिकारी बाई. नोंद न आढळल्याच्या पत्रावर सही करणारे त्यांचे संचालक. आणि साताऱ्याच्या दिवाणी न्यायालयात अडतीस वर्षे वकिली केलेला मी. संग्रहालयाचे नाव मी संपादकांना कळवले आहे. माझे नाव या लेखावर आहेच.

न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल या उपनगरात, मुलीकडे मी राहतो. कार्ल आमचे शेजारी. वय एक्याऐंशी, धंद्याने सुतार, जन्माने याच देशाचे, पण वडील जर्मन. कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला दोघेही एकाच वेळी जात असू, त्यातून ओळख झाली. मी वकील होतो हे कळल्यावर आपल्या भाषेत त्याला काय म्हणतात हे त्यांनी विचारून घेतले आणि पुढची चार वर्षे मला ‘वकील’ याच नावाने हाक मारली. त्यांच्या स्वयंपाकघरात, खिडकीजवळच्या टेबलाशी, त्यांच्या वडिलांचे आयुष्य मी तुकड्यातुकड्याने ऐकले.

एर्न्स्ट हे गावातल्या सुताराचे पोर. पहिल्या महायुद्धात आधी घोडदळात, मग विमानदळात. त्या काळचे विमान म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि वर ताणून बसवलेले कापड. हवाई छत्री नाही, डोक्यावर छप्पर नाही, समोर बंदूक आणि तोंडावर इंजिनातून उडणारे एरंडेल. होय, एरंडेलच, त्या इंजिनांना तेच वंगण लागे. आमच्या घरी दर महिन्याला एका रविवारी सगळ्या भावंडांना ओळीने उभे करून तेच पाजत, असे मी सांगितले, तेव्हा कार्ल म्हणाले, “म्हणजे वकील, तुम्हीही लढाऊ वैमानिकच.”

या एर्न्स्टनी अकरा विमाने पाडली. मुलाने हा आकडा कधी अभिमानाने सांगितला नाही, आणि लपवलाही नाही. अकराही विमाने जर्मन बाजूलाच कोसळली. दर वेळी एर्न्स्ट स्वतः तिथे जात, मृताच्या खिशातल्या कागदांवरून नाव शोधत आणि काळ्या कापडी बांधणीच्या एका वहीत ते लिहून ठेवत. मग तळहाताएवढ्या चिठ्ठीवर ‘अमुक नावाचा तुमचा माणूस अमुक गावाजवळ पुरला आहे’ एवढा मजकूर आणि खाली आपले नाव-गाव लिहून, वाळूच्या पिशवीला रंगीत फीत बांधून, ती चिठ्ठी शत्रूच्या हद्दीत विमानातून टाकून येत. दोन्हीकडच्या वैमानिकांमध्ये हा रिवाज होता. दोनतीन दिवसांत पलीकडूनही तशीच पिशवी पडे... आपल्या बेपत्ता माणसांची खबर घेऊन. एकमेकांना जाळून मारणाऱ्या माणसांनी हा पत्रव्यवहार चुकवला नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

वहीतले सातवे नाव एका न्यूझीलंडच्या तरुणाचे. चिठ्ठी एका हातातून दुसऱ्या हातात जात त्याच्या आईपर्यंत, इथल्या डोंगरापलीकडच्या शेतावर पोहोचली. युद्ध संपल्यावर तिचे उत्तर आले. त्यात एकच ओळ होती : ‘येऊन मला सांगा, कसा गेला ते.’ एर्न्स्ट बोटीवर सुतारकाम करत आले. त्या बाईंनी त्यांना ओसरीवर बसवले, सगळे ऐकून घेतले आणि शेवटी विचारले की कुंपणाचे फाटक मोडले आहे, ते दुरुस्त करता येईल का. ते परत गेलेच नाहीत. दुसऱ्या महायुद्धात ‘शत्रुदेशाचा नागरिक’ म्हणून त्यांना इथल्या बंदरातल्या बेटावर डांबले, घराची झडती झाली, तेव्हा ती वही याच बाईंनी आपल्या पिठाच्या डब्यात दडवली. ज्याने तिचा मुलगा मारला, त्याची वही. तिचे ते एका ओळीचे पत्र वहीतच टाचलेले होते. एर्न्स्ट दर वर्षी एकदा अकराही नावे मोठ्याने वाचत. त्यांच्यामागे कार्ल वाचत.

अधिकारी बाई आल्या तेव्हा मी तिथेच होतो. अतिशय गोड बोलल्या. प्रदर्शनासाठी प्रती काढायच्या होत्या. कार्लनी माझ्याकडे पाहिले, “वकील, काही लिहून घ्यायचं का?” आयुष्यभर मी अशिलांना बजावले की पावतीशिवाय कागद हातातून सोडू नका. पण आदल्याच आठवड्यात बँकेत मी पोच मागितली होती आणि माझी मुलगी वृंदा बाहेर येऊन म्हणाली होती, “बाबा, इथे असं नसतं. लोक शब्दावर चालतात. प्लीज, प्रत्येक ठिकाणी कोर्ट नका उघडू.” परक्या देशात पाहुणा म्हणून राहणाऱ्या माणसाला अशा वाक्याची लाज वाटते. मी कार्लना म्हणालो, “गरज नाही.”

हे दोन शब्द मी परत घेऊ शकत नाही.

त्यानंतर पत्रे. मी मसुदा करायचा, कार्लनी सही करायची. माझे परिच्छेद, पोटपरिच्छेद, संदर्भक्रमांक पाहून ते म्हणत, “एवढं लांबलचक पत्र माझ्या बापाने विमानातून टाकलं असतं, तर खाली कुणीतरी दगावलं असतं.” पहिल्या तीन पत्रांपर्यंत आम्ही हसत होतो. पाचव्यानंतर त्यांनी मसुदा वाचणे सोडून दिले. सही कुठे करायची एवढेच विचारत. मग ते नावे आठवू लागले. एका वर्षी डोळ्यांच्या शस्त्रक्रियेमुळे वाचन चुकले होते, आता वर्षभर वही नव्हती... नावांची ती ओळ सरळ म्हणताना मध्येच तुटे. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तुटे. “बापाने मारले,” एकदा ते म्हणाले, “आणि मी घालवले.” मी सांगायला हवे होते की घालवले मी. मी चहा ढवळत बसलो.

रुग्णालयात शेवटचा भेटलो तेव्हा त्यांना धाप लागत होती. कागद काढा, अशी खूण केली. ते एकेक नाव सांगत गेले, मी लिहीत गेलो. नऊ झाली. “दोन राहिले, वकील...” म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

त्यांच्या फाटकाशी एर्न्स्टनी केलेली लाकडी टपालपेटी आहे, उतरत्या छपराची. रोज अकराला सायकलवरून पोस्टमन जाई आणि कार्ल पायांत जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, सरकवून, वारा असो वा पाऊस, ती उघडून पाहत. घर आता विकायला काढले आहे. गेले पाच आठवडे अकरा वाजता मी ती पेटी उघडतो. जाहिरातींचे कागद असतात.

या लेखाचा इंग्रजी अनुवाद मी संचालकांना नोंदणीकृत टपालाने पाठवला आहे. त्याची पावती या वेळी घेतली आहे. माझी मागणी एकच. वही कोणी घेतली, कुठे ठेवली आणि आज ती कुठे आहे, याचे उत्तर त्यांनी वर्तमानपत्रातून, जाहीरपणे आणि स्वतःच्या सहीने द्यावे. तळहाताएवढा कागद पुरेल. त्यावर ‘हरवली’ हा एकच शब्द असला तरी मी तो स्वीकारीन. माझ्याजवळच्या कागदावर नऊ नावे आहेत आणि खाली दोन रिकाम्या ओळी. त्या भरता येणार आहेत की नाहीत, हे कुणीतरी सांगा.