सकाळी ताठ, दुपारी ढिली

आमचा डोझर माझ्या लग्नाआधीपासूनचा आहे. नवरा गेल्यावर नातेवाईक म्हणाले, भंगारात घाल. मी घातला नाही, कारण तो चालत होता आणि त्याला काम मिळत होतं. चालवणाराही नवऱ्याच्या वेळचाच, मालवणकडचा. तो मला वैनी म्हणतो, मी त्याला मामा म्हणते. तरीही गेल्या हिवाळ्यात मी मामांना काढून टाकायच्या बेतात होते.

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी एका प्लॉटचं सपाटीकरण चालू होतं. उतारावर वळताना मशीन ज्या दोन लोखंडी पट्ट्यांवर चालतं त्यांतली डावी चेन चाकावरून उतरली. कंत्राटदाराने मला बजावलं, पुन्हा असं झालं तर मशीन साइटवरून हलवा. त्याचं स्वतःचं नवं मशीन तिथेच उभं होतं आणि त्यासाठी त्याला अनुभवी माणूस हवा होता. तो मामांना चहा पाजताना मी पाहिलं होतं. कंत्राटदार उगाच कोणाला चहा पाजत नाहीत.

साकीनाक्याचा मेकॅनिक येऊन चेन चढवून गेला. या चेनचा ताण ग्रीसवर असतो. पंपाने ग्रीस भरलं की पुढचं मोठं चाक पुढे सरकतं आणि चेन ताणली जाते. बाजूच्या झाकणाखाली एक वॉल्व्ह असतो, तो थोडा फिरवला की ग्रीस बाहेर येतं आणि चेन ढिली पडते. हातात पाना असला की कोणीही करू शकेल असं काम.

मग रोजचंच सुरू झालं. सकाळी मी घाटकोपरहून जाऊन बघायचे, तर चेन ताठ. दुपारी साइटवरून फोन, चेन लोंबतेय. जाऊन बघावं तर खरंच वरची बाजू झोळीसारखी खाली आलेली. मेकॅनिकला बोलावलं, तो दुसऱ्या दिवशी सकाळी उगवला. चेनवर पाय देऊन बघितलं, टाइट आहे म्हणाला, नावाला थोडं ग्रीस मारलं. सील ठीक आहे, गळती कुठेच नाही, हेही सांगितलं. निघताना मला बाजूला घेतलं.

"वॉल्व्ह कोणीतरी खोलतंय, मॅडम. मी नाव नाही घेणार."

नाव घ्यायची गरज नव्हती. दिवसभर त्या मशीनवर एकच माणूस असतो.

मी मामांवर नजर ठेवायला लागले. डबा खायला ते लांब जाऊन बसत. कंत्राटदाराशी बोलत असले आणि मी पोचले, की बोलणं थांबे. सीटखाली असणारा पाना एक दिवस त्यांच्या पिशवीत दिसला. विचारलं तर म्हणाले, साइटवर चोऱ्या होतात. बोरिवलीच्या एका ऑपरेटरला मी सोमवारपासून यायला सांगून ठेवलं. मामांना काही बोलले नाही. इतक्या वर्षांच्या माणसाला नुसत्या संशयावर घरी बसवायचं नव्हतं, पुरावा हवा होता.

शुक्रवारी सकाळी मामा पाणी आणायला गेले तेव्हा मी पर्समधून नेलपॉलिश काढलं आणि झाकण उघडलं. वॉल्व्हच्या डोक्यापासून शेजारच्या लोखंडापर्यंत एक रेघ ओढायची, वॉल्व्ह जरासा फिरला तरी ती तुटणार. पण ब्रश टेकवायच्या आधीच वॉल्व्हवर कुंकवाचं बोट दिसलं. मामा रोज सकाळी पुढच्या पात्याची पूजा करतात, कुंकू त्याला लावतात. झाकणाखालच्या वॉल्व्हची पूजा कोण करतं? म्हणजे त्यांचा हात इथवर पोचला होता. मी रेघ ओढली आणि झाकण लावून टाकलं.

दुपारी फोन आला. चेन ढिली. मी जाऊन मशीन बंद करायला लावलं आणि मामांसमोरच झाकण उघडलं. रेघ अखंड होती. कुंकूही जसंच्या तसं.

मामा वाकून बघत होते. "ह्या नेलपॉलिश तुमचा?"

"आणि कुंकू तुमचं?"

"होय. कोण खोलता ता बघूक लावलंय."

त्यांना वाटत होतं, मीच मेकॅनिककडून वॉल्व्ह खोलवून घेते. मशीन निकामी झालं असं दाखवलं की ते भंगारात घालायला मी मोकळी. नातेवाइकांचं बोलणं त्यांच्याही कानावर गेलं होतं. पाना पिशवीत ठेवला होता तो माझ्यापासून वाचवायला.

हे ऐकून माझा संशय लगेच गेला असं नाही. मी म्हटलं, सकाळी होतं तिथे मशीन पुन्हा लावा. मी चेनवरून डोळे हलवणार नव्हते. मशीन उलटं मागच्या भिंतीकडे जायला लागलं आणि वरची लोंबती चेन माझ्यादेखत उचलली गेली, ताठ झाली. पुढे घ्या म्हटलं. पुन्हा लोंबली.

चेन ओढणारं दातेरी चाक मागे असतं. मशीन पुढे जाताना ते खालची बाजू ओढतं, म्हणून ढिलाई वर येऊन दिसते. उलटं जाताना वरची बाजू ओढली जाते आणि ढिलाई खाली दडते. चेन पहिल्यापासून ढिलीच होती. नवऱ्याने घालून दिलेला नियम असा, की काम संपल्यावर मशीनचं तोंड पूर्वेला करून ठेवायचं, म्हणजे सकाळी पूजा उगवतीला तोंड करून होते. आधीच्या साइटवर वळवून सरळ उभं करता यायचं. इथे पश्चिमेला भिंत आणि वळायला जागा नाही, म्हणून मामा ते उलटं आत घालत. सकाळी आम्ही जिला ताठ समजत होतो ती त्या उलट्या चालीने ताणलेली चेन होती.

मेकॅनिकला त्याच दुपारी बोलावलं. मशीन पुढे चालवून, ब्रेक न मारता आपोआप थांबू दिलं. चेनवर लाकडी पट्टी आडवी ठेवून खालची फट मोजली आणि ती हवी तेवढी होईपर्यंत ग्रीस भरून घेतलं. कोणीतरी खोलतंय म्हणाला होतास, याची मी त्याला आठवण करून दिली.

"मी नाव कुठे घेतलेलं?" तो म्हणाला.

मेकॅनिक गेल्यावर मामा हात पुसत माझ्याजवळ आले. "वैनी, सोमवारी मी येव, का तो बोरिवलीवालो येतलो?"

त्यांना कुठून कळलं ते मी विचारलं नाही. या म्हटलं. पूजा झाली की मशीन थोडं पुढे घ्यायचं आणि मग मी पट्टी लावून बघणार, हेही सांगितलं. मग राहवलं नाही, कंत्राटदाराने नोकरीचं विचारलं होतं का, ते विचारलंच.

"विचारल्यान," म्हणाले, आणि पाना सीटखाली ठेवायला निघून गेले.

बोरिवलीच्या माणसाला मी नको म्हणून कळवलं. त्याचा नंबर मात्र ठेवला आहे. चेन त्यानंतर उतरलेली नाही. झाकणाखालचं कुंकू मामा अधूनमधून ताजं करतात, आणि मी माझी रेघ.