याग्लिकाचं न पडलेलं मत

माँटेनेग्रोच्या डोंगरात, कोलाशिन गावाच्या वरच्या वस्तीत याग्लिका राहायची. चाळीस वर्षं तिनं एकटीनं मेंढरं राखली, चीज केलं, दोनदा लांडगा काठीनं पिटाळला. नवरा गेल्यावर दीर जमीन मागायला आले, तर ही दारात कुऱ्हाड घेऊन बसली. अशा बाईला अडवायची कुणाची छाती? अडवलं ते सख्ख्या धाकट्या भावानं.

दोन हजार सहाचा मे महिना. सर्बियाबरोबर राहायचं की माँटेनेग्रोनं वेगळं व्हायचं, याचं मतदान होतं. याग्लिकाचं ठरलेलं होतं, वेगळं व्हायचं. रविवारी सकाळी काळा रुमाल बांधून ती निघाली, तर फाटकात हाच भाऊ, बात्रिच, उभा.

"आक्के, जाऊ नकोस. माझी दोन्ही पोरं बेलग्रेडला आहेत. मध्ये सीमा घालतेस?"

"पोरं तुझी, मत माझं. हो बाजूला."

"तुला देवाची आणि संत योवानची शपथ, मत देऊ नकोस!"

झालं! आमच्याकडे ही शपथ घातली की विषय संपला. हिच्यापायी लोकांनी बापाच्या खुन्याला माफ केलंय. मोडणाऱ्याच्या घरचं कुणी पाणी पीत नाही. जीव वाचवायला राखलेली शपथ, आणि या मेल्यानं ती एका चिठ्ठीवर उधळली!

याग्लिका लालबुंद झाली. "तुझ्याऐवजी आईच्या पोटी धोंडा आला असता, तर पायरीला तरी लागला असता! मग तुलाही तीच शपथ. तूही द्यायचं नाहीस. बस इथं."

बसला. मतदान संपेपर्यंत दोघं अंगणात समोरासमोर. खाली रस्त्यावर झेंडे लावलेल्या गाड्या भोंगे वाजवत जात होत्या. तिनं त्याला कॉफीसुद्धा विचारली नाही.

दुसऱ्या दिवशी कळलं, अगदी थोडक्यात, पण देश वेगळा झाला. बात्रिच हसत आला. "झालं ना तुझ्या मनासारखं? तुझं एक, माझं एक, फिटंफाट! आता कशाला फुगतेस?"

"फिटंफाट?" ती ओरडली. "अरे, आजवर राज्य करायला राजे आले, मार्शल आले, एकानं तरी मला विचारलं का? जन्मात एकदा विचारलं, आणि तू माझं तोंड दाबलंस!"

पुढं ती अकरा वर्षं जगली. भावाला उंबरा ओलांडू दिला नाही. कुणी विचारलं, आपला देश कसा वाटतो, तर फटकन म्हणायची, "चांगला आहे. तुम्ही केलात."