मामाची गाडी आणि आजचा नवा भाव

मंडळी, आज दुपारी मी शोरूममध्ये एका पोस्टरला पाठ टेकून उभा होतो. नवीन पनवेलला गाड्या विकतो मी, माहीत आहेच तुम्हाला.

झालं असं, की बाजारात नव्याने उतरलेल्या एका कंपनीने छोटी एसयूव्ही इतकी स्वस्त लावली, की आज सकाळी आमच्या कंपनीनेही भाव साठ हजारांनी उतरवला, आणि त्या नव्या भावाचंच हे पोस्टर.

आणि गेल्याच आठवड्यात माझ्या उलव्याच्या मामाने हीच गाडी जुन्या भावाने नेली! तो दसऱ्याला घेणार होता. "मामा, मुहूर्त कसला बघतोस, भाव वाढेल," असं म्हणत मीच घाई केली. टार्गेट पुरं करायचं होतं ना.

आज तोच मामा स्टाफसाठी पेढे घेऊन आला. मी पोस्टरसमोरून हलेना.

"सरक," मामा म्हणाला. "आत येतानाच वाचलाय मी."

मी माफी मागणार, तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "गावान सगल्यांना सांगून बसलोय, भाच्यानं सगल्यात सस्ती गारी दिली. कोनी इचारला तर जुनाच भाव सांग. माजी लाज राख."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मग दारातून वळून म्हणाला, "रविवारी गावातले तिघं येनार हायेत तुज्याकडं. हीच गारी घ्यायला. मीच बोललोय त्यांना, आता नाय कसा बोलू?"

पोस्टर भिंतभर आहे. सांगा, रविवारी मी कुठे उभा राहू?