पश्चिमेची पडवी

सुरगाण्याला माझ्या आराखड्यावर उभ्या राहिलेल्या मुलींच्या वसतिगृहाबद्दल मी आजवर जे सांगत आलो, त्यातलं निम्मं खोटं आहे. मातीच्या विटांच्या त्या इमारतीत उन्हाळा पंख्याशिवाय निघतो, म्हणून लांबून विद्यार्थी ती बघायला येतात. पश्चिमेची रुंद पडवी दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा, दोन्ही भिंतीपर्यंत पोचू देत नाही. हा हवामानाच्या अभ्यासाचा परिणाम, असं मी भाषणांत सांगायचो आणि टाळ्या घ्यायचो.

खरं म्हणजे पडवी मी पूर्वेला काढली होती, रस्त्यावरून छान दिसावी म्हणून. ऑफिसात नवीन आलेली माझी सहायक पश्चिमेसाठी माझ्याशी भांडली. मी ऐकलं नाही. आखणीच्या दिवशी नाशिकहून पोचायला उशीर झाला. मुहूर्त टळत चाललेला, वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेची मंडळी नारळ घेऊन ताटकळलेली. घाईत मी नकाशाची घडी घातली आणि उत्तरेचा बाण घडीच्या आत गेला. तसाच उलटा नकाशा धरून मी चुन्याची फक्की टाकून घेतली. टेपचं दुसरं टोक तिच्या हातात होतं.

पुढच्या खेपेला गेलो तर जोतं वर आलेलं आणि पडवी पश्चिमेला. संस्थेच्या लोकांनी जाब विचारला, तेव्हा मी तिच्याकडे बोट दाखवलं. ती खाली मान घालून उभी राहिली. पुढे तिने नोकरी सोडून सिन्नरला स्वतःचं ऑफिस थाटलं.

यंदा संस्थेने वसतिगृहावर माझ्या नावाची पाटी लावायचं ठरवलं आणि मला अन्न गोड लागेना. शेवटी सिन्नरची बस धरली. तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, माफी मागितली.

ती म्हणाली, "सर, बाण घडीत गेला तो मी बघितला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर पडवी पूर्वेला गेली असती."

त्या दिवशीची ती खाली घातलेली मान इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होती, तेही मी तिला सांगितलं.

"ती हसू आवरायला, सर. राग आला तो घरी गेल्यावर. चांगला वर्षभर पुरला." मग चहा पुढे सरकवत म्हणाली, "तुमची भाषणं मात्र मी मागे बसून ऐकलीत. माझा मुद्दा तुम्ही माझ्यापेक्षा छान मांडता."

तिथूनच संस्थेला फोन केला आणि पाटीवर तिचं नाव घालायला सांगितलं. परतीच्या बसमध्ये मी एकटाच हसत होतो. शेजारच्या बाईंनी आपली पिशवी मांडीवर ओढून घेतली.