दोन चापांची रायफल

आमची प्लाटून नवापूरच्या पुढे एका रेल्वे पुलावर गार्डला होती. महायुद्ध चालू होतं. बर्माला जायची ऑर्डर आज येईल, उद्या येईल, असं सगळे म्हणायचे आणि ऑर्डर काही येत नव्हती. सकाळी उजाडायच्या आत हत्यारं घेऊन स्टँड-टू, मग रायफल साफ, मग पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गस्त. लढायला म्हणून भरती झालो आणि रुळांची राखण करत बसलो! माझ्या तर अंगात मुंग्या आल्या होत्या. चहासुद्धा मी उभ्यानं प्यायचो.

नाईक हिरामण आमचा सेक्शन कमांडर. तो तापीकाठचा, मी नंदुरबारकडचा. आम्ही दोघं अहिराणीतच बोलायचो. प्लाटूनमध्ये त्याच्यासारखा नेम कुणाचा नव्हता. पण तोही कंटाळला होता. सारखा बोटं वाजवायचा. मी ओरडायचो, "बस कर रे बाबा, डोकं फिरी जाई मन्हं!"

दिवाळीनंतर नाल्यातलं गवत कापणीला आलं, आणि बिबट्यानं जवळच्या पाड्यातली दोन माणसं नेली. गवत उभं, गुरं उपाशी, आणि नाल्यात उतरायची कुणाची छाती होईना. पाड्यातले जाणते लोक कॅप्टनसाहेबांकडे आले. साहेब तापानं फणफणून स्टेशनजवळच्या बंगल्यात पडले होते. त्यांनी हिरामणला बोलावलं.

"सरकारी काडतुसं शिकारीला मिळणार नाहीत. माझी रायफल घे."

ती रायफल ऑस्ट्रियातली, जुनी, साहेबांच्या वडिलांची. बोल्ट होता, पण चाप दोन. तुम्हाला वाटेल नळ्याही दोन. छे, नळी एकच. मागचा चाप ओढला की टिक् वाजायचं आणि पुढचा चाप सेट व्हायचा. मग पुढच्याला बोट नुसतं टेकलं की बार. सेट न करताही पुढच्या चापानं गोळी सुटायची, पण तो ओढायला जड.

हिरामणनं दोन-चार वेळा टार्गेटवर मारून पाहिलं आणि हसला. "शिंक वनी तरी वाजी जाई हाई." शिंक आली तरी बार व्हायचा, इतका तो चाप हलका.

आमची फौजी रायफल, थ्री-नॉट-थ्री, वेगळी. तिचा चाप दोन टप्प्यांत यायचा. फर्स्ट प्रेशर घ्या, थांबा, नेम पक्का करा, मग सेकंड प्रेशर. ट्रेनिंगच्या उस्तादांनी हे आमच्या हाडात मुरवलं होतं.

पाड्याला निरोप गेला: आज नाल्यात कुणी यायचं नाही. दुपारी आम्ही दोघं नाल्यावरच्या खडकावर बसलो. खाली बिबट्यानं मारलेलं वासरू पडलं होतं. बसणं काय, शिक्षाच ती! माशा, ऊन, पायाला कळ. बऱ्याच वेळानं गवत हललं आणि बिबट्या निघाला. हिरामणनं मागचा चाप ओढला. टिक्. मग रायफल खांद्याला लावत असतानाच त्याच्या बोटानं सवयीनं फर्स्ट प्रेशर घेतलं. बार झाला. नेम अजून धरायचाच होता. गोळी मागच्या पायाला लागली. बिबट्या गुरगुरत गवतात घुसला.

त्याच वेळी मला गवतावरून सरकणारा भारा दिसला. भाऱ्याखाली रूथबाई, गवत कापायला आलेली. ती नाल्यापलीकडच्या वस्तीत राहायची, निरोप तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. ओरडलो, पण आडव्या वाऱ्यात तिला काही ऐकू जाईना.

पुलावरच्या पिकेटमध्ये, म्हणजे पहाऱ्याच्या चौकीत, फील्ड टेलिफोन होता. मी धावत जाऊन साहेबांच्या बंगल्यावर लावला.

"साहेब, बिबट्या जखमी. आत बाई आहे."

"मी येतो. तोवर कुणी आत जायचं नाही."

परत येऊन ऑर्डर सांगितली. हिरामणनं ऐकली आणि बोल्ट मारून नवी गोळी भरली.

"तू वरतून फिरीसन बाईकडे जाय. मी आठून जास." म्हणजे इथूनच, सरळ गवतात.

"अरे, ऑर्डर..."

"गोळी मन्ही चुकनी."

मी माझी थ्री-नॉट-थ्री पुढे केली. त्यानं हात आडवा केला. "तुले बी लागी. बाईजोडे तू ऱ्हाशी." बाईजवळ मी असणार, मलाही रायफल लागेल, असं त्याचं म्हणणं. झुडपांतून जायचं म्हणून मागच्या चापाला त्यानं हातही लावला नाही. सेट केलेली रायफल फांदी लागली तरी सुटते.

मी वरून उतरलो, भारा खाली पाडला आणि बाईला दंडाला धरून ओढत काठावर आणलं. ती मलाच शिव्या देत होती. मग बार ऐकू आला, आणि त्यावर हिरामणची किंकाळी.

पोचलो तेव्हा बिबट्या मेलेला होता, हिरामणच्या अंगावरच. बिबट्याच्या छातीत गोळी. पण तो जड चाप ओढून ती सुटायच्या आत पंजा पोचला होता. हिरामणचा खांदा उघडा पडला होता, मानेपर्यंत.

मालगाडी थांबवून त्याला सुरतेच्या दवाखान्यात नेलं. गार्डाच्या डब्यात त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

"बाई निंघनी का रे?"

"निंघनी, भाऊ."

साहेब त्याला भेटायला ताप अंगात घेऊनच आले. ऑर्डर मोडल्याबद्दल चकार शब्द काढला नाही. जखम चिघळली. हिरामण दवाखान्यातच गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत आम्हाला बर्माची ऑर्डर आली.

आता आम्ही जुने लोक वर्षातून एकदा जमतो. लढाईत पडलेल्यांची नावं वाचतात आणि आम्ही टोप्या काढतो. हिरामणचं नाव त्यात नसतं. शिकारीतला अपघात, असं त्याच्या कागदावर लिहिलंय. दरवर्षी माझ्या अंगाचा तिळपापड होतो. वाचणारा थांबला की मी उभा राहतो आणि मोठ्यानं नाव घेतो: नाईक हिरामण. कुणी अडवत नाही. टोप्या हातातच असतात.