तानुबाईची अर्धी गोळी
डॉ. भगवंतराव गावंडे यांच्या बरोबरीच्या मुलांनी कोणी हृदय घेतलं, कोणी हाडं घेतली आणि अकोल्यात चार-चार मजली दवाखाने बांधले. भगवंतरावांनी घेतला हत्तीपाय. नांदगाव खंडेश्वरचा एवढा हुशार पोरगा डासांच्या आणि जंतांच्या नादी लागला, हे सासुरवाडीला कधीच पटलं नाही. लग्नाच्या पंगतीत कोणी विचारलंच, तर त्यांच्या पत्नी कौशल्याबाई नुसतं "डॉक्टर आहेत" म्हणून जिलबीकडे वळत.

पण याच माणसानं अमरावतीत बसून अकरा वर्षं एका नव्या गोळीचा पिच्छा पुरवला होता. आता शेवटची चाचणी होती, अमरावतीसह अनेक केंद्रांवर. निम्म्या डब्यांत औषध, निम्म्यांत तशीच दिसणारी नुसत्या पिठाची गोळी. कोणाला काय मिळालं, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. चाचणी पार पडली की शोधनिबंधावर भगवंतरावांचं नाव लागणार होतं. नावाचं काय घेऊन बसलात, असं ते चारचौघांत म्हणत, पण निबंधाच्या चौकटीसाठी भिंतीवरची जागा त्यांनी टेपनं मोजून ठेवली होती.

चाचणीतल्या, चांदूर बाजारात भाजी विकणाऱ्या तानुबाईचा डबा दर आठवड्याला चोख रिकामा यायचा. भगवंतराव तिचे गोडवे गात. एके दिवशी ती शेजारच्या चंदाबाईला घेऊन आली. रक्तात साखर निघाली म्हणून चंदाबाईला चाचणीत घेतलं नव्हतं, तरी तिच्या पायाची सूज चांगलीच उतरली होती.

"तुमी कोणतं औषध घेऊन राहिल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"तानुच्या डब्यातलंच."

डबा वाटला गेला म्हणजे तिचे आकडे खोटे, हे भगवंतरावांच्या लगेच लक्षात आलं. तानुबाईला त्यात काही वावगं दिसेना.

"शेजारीण पाय धरून बसली, अन् मी एकटीनं कशी खाऊ? रोज अडकित्त्यानं अर्धी तिले, अर्धी मले."

चौकशी केली तेव्हा कळलं, की त्या गावच्या अठरापैकी चौदाजणींनी गोळ्या वाटून खाल्ल्या होत्या. एकीनं तर पाय धडधाकट असलेल्या सासूलाही दिली होती, कारण सासू रुसली होती.

दुसऱ्याच दिवशी अकोल्याहून आकांक्षा नावाची चाचणीची तपासनीस यायची होती. नोंदी चोख होत्या. गप्प बसलं असतं तर कुत्रंही विचारणार नव्हतं.

"नका सांगू," कौशल्याबाई म्हणाल्या. "अकरा वर्सं मातीत घालता काय?"

"उद्या लाखो लोकं हे गोळी खातीन. त्याहिले खोट्या आकड्यावर कशी खाऊ घालू?"

त्यांनी आकांक्षापुढे सगळं मांडलं. महिन्याभरात पत्र आलं: अमरावतीचं केंद्र बाद. गोळी पास झाली ती बाकीच्या केंद्रांच्या जिवावर आणि निबंधावर भगवंतरावांचं नाव नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं. दोन दिवस ते जेवले नाहीत.

मग कोणाला काय मिळालं होतं, ती गुपित यादी त्यांच्या हाती आली. तानुबाईच्या डब्यात पीठ होतं. भगवंतरावांनी दोघींना बोलावून खरं ते सांगितलं आणि तानुबाईचा चेहरा उतरला.

"म्हंजे मी हिले फसवलं? पिठाची गोळी चारली?"

"फसवलं नाही," डॉक्टर म्हणाले. "पण मंग हिची सूज कशी उतरली, तेच समजून नाही राहिलं. गोळीशिवाय काय केलं तुमी?"

"काई नाही," तानुबाई म्हणाली. "डब्यासंगं कागद देल्ता ना तुमी, रोज साबणानं पाय धुवा, कोरडे पुसा, उंच ठेवा म्हनून. माह्या नातीनं वाचून दाखवला. हिचे गुडघे वाकत नाहीत, मंग माहे धुऊन झाले का हिचेबी मीच धुतो रोज."

भगवंतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. तो कागद त्यांनी स्वतः लिहिला होता, अकरा वर्षं शेकडो जणांच्या हातात दिला होता, आणि एकाचेही पाय कधी धुतले नव्हते.